काजाला कात्री लावताना

शिवणकामात जे चुकते त्यातील बहुतेक उसवून पुन्हा करता येते. बाही उलटी लागली, शिवण वाकडी गेली, खिसा बोटभर खाली बसला, तर सुईच्या टोकाने टाके उचलावेत, दोरा ओढून काढावा, कापडावरून इस्त्री फिरवावी आणि यंत्रापुढे पुन्हा बसावे. वेळ जातो, पण कापड जात नाही. इतक्या क्षमाशील अशा ह्या कलेत क्षमा नसलेले प्रसंग दोनच. एक कापड बेतून कापण्याचा, आणि दुसरा काजाला कात्री लावून ते उघडण्याचा. पहिल्या प्रसंगी चूक झाली तर निदान श्रम तरी खर्च झालेले नसतात. बिघडलेल्या तुकड्यातून एखादे झबले किंवा पिशवी निघते. दुसरा प्रसंग मात्र अगदी शेवटी येतो. खांदे जुळले, कॉलर बसली, बाह्या लागल्या, खालची दुमड घालून झाली, चार दिवसांची मेहनत सदऱ्याच्या रूपाने समोर उभी राहिली, आणि मग त्या पुऱ्या झालेल्या वस्त्राच्या छातीवर, जेथे पाहणाऱ्याची दृष्टी प्रथम जाते तेथेच, सहा-सात ठिकाणी पाते चालवावयाचे. दोन धागे अधिक कापले गेले तर ते जोडणारा कारागीर जगात नाही.

जी कृती एकदा केली की परत घेता येत नाही ती माणसाने कशी करावी, हा प्रश्न विचारी लोकांना फार प्राचीन काळापासून पडत आला आहे. तो मोठ्या प्रसंगांच्या निमित्ताने विचारला जातो आणि मोठ्या शब्दांत हरवतो. म्हणून येथे तो काजापुरताच विचारावयाचा आहे. एवढ्याशा छिद्रात एवढे काय पाहावयाचे, असे कोणी म्हणेल. त्यांनी घरातील शिवणाऱ्या गृहिणीला विचारून पाहावे. सदरा शिवण्यास भीत नाही पण काजे करण्यास भिते, असे सांगणाऱ्या दहा जणी सहज भेटतील.

आपल्या जुन्या पोशाखाला हा प्रश्न पडतच नसे. धोतर आणि लुगडे ही तर शिवलेली वस्त्रेच नव्हेत. बाराबंदीचे नावच तिच्या बंदांवरून पडले. अंगरखाही बंदांनीच बांधला जाई. बंद कापडाच्या कडेला शिवावयाचा आणि त्याची गाठ मारावयाची, त्यासाठी कापडाला कोठे भोक पाडावे लागत नाही. काजाची मागणी निराळी आहे. ताणे आणि बाणे ह्यांच्या परस्परांना धरून ठेवण्यावर कापड उभे असते. काज त्यांतले काही धागे मधोमध तोडते, आणि तुटलेला प्रत्येक धागा त्या क्षणापासून सुटू पाहतो. तेव्हा काज म्हणजे नुसते छिद्र नव्हे. कापडाला जाणूनबुजून केलेली जखम आणि ती वाढू नये म्हणून तिच्याभोवती घातलेली दोऱ्याची कड, अशी ती जोडवस्तू आहे. हा शब्दही आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला असे भाषाभ्यासक मानतात. त्यांच्या भाषेत 'काझा' म्हणजे घर, आणि बटणाच्या घरालाही तोच शब्द. कार्य ह्या अर्थाचा आपला संस्कृतोद्भव 'काज' त्याहून वेगळा. पण दोन्ही शब्द उच्चाराने एकत्र आले आणि आपल्या शिंप्यांच्या तोंडी एकमेकांत मिसळून गेले, हे काही वाईट झाले नाही.

आता यंत्राकडे वळू. अनेक घरांत आजही आजीच्या वेळचे काळे, सोनेरी वेलबुट्टीचे शिवणयंत्र असते. कोठे हाताने फिरवावयाचे, कोठे पायाने चालवावयाचे. ह्या यंत्राची सुई फक्त वर-खाली जाते; डावी-उजवीकडे हलणे तिला ठाऊक नाही. काजाची कड भरण्यासाठी तर टाका आडवा पडावा लागतो. ह्या अडचणीवर त्या काळच्या कारागिरांनी जो उपाय काढला तो पाहण्यासारखा आहे. सुई हलत नाही ना, मग कापडच हलवू. काज करण्याचे एक जोडयंत्र मिळत असे. ते दाबपाय काढून त्याच्या जागी बसवावयाचे. त्याचा एक दुपाखी दांडा सुईच्या स्क्रूवर अडकतो. सुई वर-खाली गेली की दांडा हलतो, आणि त्याच्या हालचालीने खालचा चिमटा कापडाला पकडून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे सरकवितो. त्याच्या पोटात दात्यांची एक लहान पट्टी बसविलेली असते. ती हळूहळू फिरते आणि कापडाला एका बाजूने नेऊन, टोकाशी वळवून, दुसऱ्या बाजूने परत आणते. पट्टी बदलली की काजाची लांबी बदलते. यंत्राचे कापड पुढे ढकलणारे दाते मात्र त्या वेळी झाकून ठेवावे लागतात, नाहीतर दोन सत्ता एका कापडाला दोन दिशांना ओढतात आणि टाक्यांचा गुंता होतो. सारी फेरी एकदा झाली की पुन्हा एकदा त्याच वाटेने न्यावी, म्हणजे कड भरीव होते.

ज्यांच्याजवळ हे जोडयंत्र नाही त्यांना हातानेच काज करावे लागे, आणि हाताच्या काजाचा क्रम यंत्राच्या उलट असतो. हाताचे काज करणारी आधी कापते. मग तुटलेल्या कडेवर काजटाका घालीत जाते. प्रत्येक टाक्याला कडेवर एक बारीक गाठ बसते आणि त्या गाठींची माळ सारी जखम झाकून टाकते. यंत्रावर मात्र आधी चारही बाजूंनी कड शिवून घ्यावयाची आणि सर्वांत शेवटी, दोन रांगांच्या मधल्या केसाएवढ्या मोकळ्या वाटेतून पाते न्यावयाचे. कपड्यांच्या कारखान्यांतही काजाच्या यंत्रांचे असे दोन वर्ग आजवर चालत आले आहेत, आधी कापणारी आणि मागून कापणारी. चांगल्या कोटाचे काज बहुधा आधी कापलेले असते, कारण त्यात सुटे धागे टाक्यांखाली दडतात. सदऱ्याचे काज मागून कापलेले असते. त्यात काम झटपट होते, पण आतल्या कडेला थोडे तंतू दिसत राहतात.

ह्या दोन क्रमांत दोन वृत्ती आहेत असे मला वाटते. एक म्हणते, आधी मर्यादा आखा, मग तोडा. दुसरी म्हणते, आधी तोडा, आणि मग त्या जखमेपाशी बसून राहा. दोहोंपैकी श्रेष्ठ कोणती, हे सरसकट सांगता येणार नाही.

भावाभावांची वाटणी घ्या. ज्यांनी आधी ओटा कोणाचा, विहिरीचे पाणी कोणी केव्हा भरावे, मागील दाराची वाट कोणासाठी खुली राहावी, हे बसून ठरविले आणि मग मधली भिंत घातली, त्यांची मुले पुढे एकाच विहिरीवर हसतखेळत पाणी भरताना दिसतात. ज्यांनी रागाच्या भरात आधी भिंत घातली आणि 'बाकीचे मागाहून पाहू' म्हटले, त्यांच्या कडेचे धागे दोन पिढ्या सुटत राहतात. वाटणीला यंत्राचाच क्रम हवा. पण विवाह, दत्तक घेणे, एखाद्याला आयुष्यभराचा शब्द देणे, ह्या गोष्टी तशा नाहीत. तेथे आधी सगळी कड शिवून घेता येत नाही. कितीही याद्या केल्या, कितीही बैठकी झाल्या, तरी पुढे काय येणार हे कोणाला ठाऊक असते? तेथे आधी तोडावे लागते, जुने घर, जुनी सवय, जुना एकटेपणा. आणि मग रोज एक टाका, प्रत्येक टाक्याला एक गाठ. सर्व अटी आधीच शिवून मिळाल्याखेरीज पाऊल टाकणार नाही असे जो तेथे म्हणतो तो उंबऱ्यावरच म्हातारा होतो. आणि वाटणीच्या वेळी 'मागाहून सांभाळून घेऊ' म्हणणारा बहुधा स्वतःलाच फसवीत असतो.

कोणत्याही क्रमाने जा, कात्रीपूर्वीची तयारी चुकत नाही. ह्या तयारीबद्दल थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण तयारीच्या नावाखाली फार फसवणूक चालते. काज आधी चिंधीवर करून पाहावे हे सर्वजणींना माहीत असते. पण चिंधी कोणती? पुष्कळ जणी हाताशी येईल तो जुन्या चादरीचा एकेरी तुकडा घेतात, त्यावर काज सुबक उतरते, समाधान होते, आणि सदऱ्यावर तेच काज चुरमडते. सदऱ्याच्या पट्टीत कापडाचे दोन-तीन थर असतात, मधे कडक अस्तर असते, धाग्याची दिशा ठरलेली असते. चाचणीचा तुकडा त्याच कापडाचा, तितक्याच थरांचा, तसेच अस्तर घातलेला आणि त्याच दिशेला धरलेला हवा. सोप्या परिस्थितीत घेतलेल्या परीक्षेला परीक्षा म्हणण्यात अर्थ नाही.

ह्याहून सूक्ष्म चूक दुसरीच आहे. चिंधीवर काज शिवतात, पण ते कापीत नाहीत. कड चांगली आली, एवढे पाहून चिंधी बाजूला टाकतात. वास्तविक काजाची लांबी बरोबर आहे की नाही हे ते उघडून त्यातून बटण घालून पाहिल्याशिवाय कळत नाही. बटणाचा व्यास आणि त्याची जाडी ह्यांची बेरीज, असा लांबीचा हिशेब. सदऱ्याचे नेहमीचे बटण सुमारे ११ मिलिमीटरचे असते, म्हणून काज १३ मिलिमीटरच्या आसपास धरतात. पण फुगीर बटणाला हा हिशेब पुरत नाही आणि चपट्याला तो अधिक होतो. चाचणी शेवटपर्यंत नेली, पाते चालविले, बटण आरपार घातले, चार वेळा घालून काढले, की मगच ती झाली. जी गोष्ट आपल्याला भिववते तीच वगळून बाकीची सारी रंगीत तालीम करणे हा मनुष्यस्वभाव आहे. भाषणाची तालीम करणारा पहिले वाक्य शंभरदा म्हणतो. सभेतून उठून कोणी अडचणीचा प्रश्न विचारला तर काय बोलावे, ह्याची तालीम तो कधी करीत नाही.

येथे परिचयातील एका घरची गोष्ट सांगतो. सूनबाईंचा हात शिवणात चांगला. मुलाच्या सातव्या वाढदिवसासाठी त्यांनी बारीक निळ्या रेघांच्या कापडाचा सदरा शिवला. कॉलर अशी बसली होती की शिंप्यानेही मान डोलवावी. काजे तेवढी राहिली. चिंधीवर करून पाहिली, चांगली आली. पण सदरा यंत्राखाली धरला की हात थांबे. आज पाहुणे आहेत, उद्या उजेड कमी आहे, परवा दोरा जरा जाड वाटतो, असे दिवस गेले. वाढदिवस दुसऱ्या सदऱ्यावर झाला. सासूबाई एकदा म्हणाल्याही, "अगं, ते कापड कुणासाठी राखून ठेवते आहेस?" त्यांनी हसून घेतले. पुढे दिवाळीच्या आवराआवरीत सदरा पेटीतून निघाला, तोवर मुलाचे खांदे त्यात मावेनासे झाले होते. कापडाला ओरखडाही नव्हता. त्याला ते निळ्या रेघांचे कापड फार आवडले होते आणि वाढदिवसाच्या आधी तो रोज विचारीत असे, एवढेच त्या नंतर सांगत.

त्या बाईंना कोणी निष्काळजी म्हणणार नाही. उलट त्या काळजीपोटीच थांबल्या. प्रश्न असा की, ती काळजी कोणाची होती? चिंधीवरची चाचणी होईपर्यंत ती सदऱ्याची होती, मुलाची होती. चाचणी चांगली उतरल्यानंतर सदऱ्याला आणखी काही नको होते. त्यानंतरचे थांबणे हे आपला हात चुकताना आपल्याला पाहावे लागू नये म्हणून होते, असे मला म्हणावेसे वाटते. हे निदान कठोर आहे, पण आपल्यांतील किती जण आपापली पत्रे लिहून टपालात न टाकता ठेवतात, आजारी नातेवाइकाकडे जावयाचे उद्यावर टाकतात, माफी मागण्याचे शब्द जुळवीत वर्ष काढतात! सारे बरोबर बोलता येईपर्यंत थांबावे म्हणून जो थांबतो त्याला ऐकणारा पुढे सापडेलच असे नाही. हल्लीच्या काळात तर लिहिलेले पुसण्याची आणि केलेले मागे घेण्याची सोय फोनच्या पडद्यावर इतकी सहज मिळते, की न पुसता येणारी गोष्ट समोर आली की तरुण मुले आमच्याहून अधिक बिचकतात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांच्या हाती चिंध्याच कमी आल्या.

ह्याचा अर्थ घाईने कात्री चालवावी असा कोणी घेऊ नये. घाई करणाऱ्यांसाठी जुन्या बायकांची एक युक्ती आहे. काजाच्या दोन्ही टोकांशी, टोकाच्या आडव्या टाक्यांच्या जरा आत, एकेक टाचणी आडवी खोचावयाची. मग मध्यावर बारीक छेद घेऊन एका टाचणीपर्यंत आणि नंतर दुसऱ्या टाचणीपर्यंत कापावयाचे. पाते घसरलेच तर टाचणीवर थांबते. एका टोकापासून थेट दुसऱ्या टोकापर्यंत एका दमात जाणाऱ्याचेच काज फाटते. ह्या टाचण्यांना पैसाही पडत नाही, तरी त्या लावण्याचा कंटाळा करणारे पुष्कळ. कापल्यावर कडेला रंगहीन नेलपॉलिशचे बोट फिरविण्याची नवी रीत मला मात्र आवडत नाही. कड कडक होते आणि गळ्याला टोचते.

यंत्राने केलेले काज हाताच्या काजाइतके पुण्यवान आहे का, असेही कोणी विचारतील. यंत्रांच्या बाबतीत अत्यंत कठोर असलेल्या गांधीजींनी १९२४ साली शिवणयंत्राला अपवाद केला होता, हे प्रसिद्ध आहे. सिंगरने पत्नीचे कष्ट पाहून यंत्र शोधले, त्या शोधामागे प्रेम होते, अशी त्यांची समजूत होती. इतिहास तसे सांगत नाही. आयझॅक सिंगरचे १८५१ चे पेटंट आणि त्यापूर्वीचे इलायस हाउचे १८४६ चे पेटंट ह्यांच्यामागे धंद्याची ईर्षा आणि पुढे न्यायालयातील भांडणे फार होती, आणि सिंगरचे गृहजीवन तर आदर्श म्हणून सांगण्याजोगे नव्हतेच. तरीही गांधीजींचा अपवाद मला योग्यच वाटतो. शोधणाऱ्याच्या मनात काय होते ह्याहून, ज्या घरात यंत्र गेले तेथील बाईचे डोळे आणि बोटे त्याने वाचविली की नाही, हे महत्त्वाचे. ती वाचली, ह्यात संशय नाही.

पण एक भेद लक्षात घेण्यासारखा आहे. कारखान्यातील काजयंत्राला स्वतःचे पाते असते. फेरी पुरी झाली की ते आपोआप खाली येते आणि काज उघडते. बसलेल्या कामगाराला त्या क्षणी काही ठरवावयाचे नसते, आणि दिवसाकाठी शेकडो काजे करणाऱ्याने प्रत्येक वेळी ठरवावे अशी अपेक्षाही करू नये. घरगुती यंत्राने मात्र हे काम कधी अंगावर घेतले नाही. आजीच्या काळ्या यंत्राने घेतले नाही, आणि बटण दाबताच सारे काज शिवून देणारी आजची विजेची घरगुती यंत्रेही घेत नाहीत. ती कड शिवून थांबतात. सदरा यंत्राखालून बाहेर येतो, मांडीवर पसरला जातो, आणि कात्री हातातच घ्यावी लागते.

ज्यांना जोडयंत्र मिळत नाही आणि हाताच्या काजाचा धीर होत नाही त्यांनी दोन्ही क्रमांचा संगम करावा, असे मी सुचवीन. काजाच्या रेषेभोवती साध्या यंत्रानेच, टाका अगदी बारीक ठेवून, अरुंद चौकट शिवून घ्यावी. मग चौकटीच्या आत कापावे. आणि मग त्या कडेवर हाताने काजटाका घालावा. चौकट पात्याला आवरते आणि टाक्यांना धरण्यास आधार देते. वेळ अधिक लागतो, पण जुन्या यंत्रावर ह्याहून भरवशाचे काज मी पाहिले नाही.

आणि सहा-सात काजांतील पहिले कोणते करावे? अनुभवी बायका खालून सुरुवात करतात. सर्वांत खालचे काज सदऱ्याच्या आत खोचले जाते, तेथे उणेअधिक झाले तरी दिसत नाही. हे लपविण्यासारखे आहे, असा आक्षेप एका चिकित्सक मुलीने घेतल्याचे मला आठवते. आक्षेप खोटा नाही. पण हात स्थिर होण्यास पहिले एक काज लागतेच, आणि ते कोठेतरी पडणारच. खालून वर जाताना दुसऱ्या काजापाशी दोऱ्याचा ताण जमतो, तिसऱ्यापाशी पात्याची लय सापडते, आणि कॉलरच्या पट्टीवरचे आडवे काज, जे सर्वांत अधिक दिसते आणि जेथे थरही सर्वांत अधिक असतात, त्याची पाळी येईपर्यंत खालची सहा उघडून त्यांतून बटणे जाऊन आलेली असतात.